क्षयरोगाचं उच्चाटन आणि मूलभूत संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्षयरोग संपवायचा तर दवाखाने, औषधं आणि सकस आहार हवा. प्रयोगशाळेतल्या सूक्ष्म प्रश्नांशी त्याचा काय संबंध, अशी विचारणा सतत होते. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकाच गोष्टीचा उल्लेख दोन ठिकाणी येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मूलभूत संशोधन म्हणजे नेमकं काय? नवं औषध शोधणं म्हणजेच ना?

नाही. औषध शोधणारा विचारतो, हा जीवाणू मरेल कशाने? मूलभूत संशोधन करणारा विचारतो, हा जगतो कसा? त्याची भिंत कशाची बनली आहे, ऑक्सिजन कमी पडला की तो काय करतो, आपल्या पेशीने गिळल्यावरही तो आत जिवंत कसा राहतो. उत्तर लगेच कुणाच्या कामी यावं अशी अट इथे नसते.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जीवाणू जाहीर केला, तेव्हा रुग्णाला देण्यासारखं त्यांच्याकडे काहीही नव्हतं. पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये सापडलं. मधली साठ वर्षं वाया गेली असं म्हणता येत नाही. जंतू कुठला हेच माहीत नसतं तर स्ट्रेप्टोमायसिन कशावर तपासून बघणार होते?

२. औषधं आहेत, लस आहे, तपासण्या आहेत. मग अजून संशोधन कशाला? आहे तेच नीट पोहोचवा ना.

आहे ते पोहोचवायलाच हवं, यात दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि साडेबारा लाख लोक त्याने गेले. यातले बरेच मृत्यू आजच्या औषधांनी टळले असते. हे अपयश प्रयोगशाळेचं नाही.

पण आजच्या साधनांची मर्यादा स्पष्ट दिसते. लस शंभर वर्षांची आहे आणि प्रौढांच्या फुफ्फुसांच्या क्षयाविरुद्ध तिचा भरवसा नाही (प्रश्न ४). उपचार महिनोन् महिने चालतात (प्रश्न ५). संसर्ग झालेल्यांपैकी पुढे कोण आजारी पडणार, हे सांगणारी खात्रीची तपासणी नाही (प्रश्न ९). ही साधनं शंभर टक्के लोकांपर्यंत पोहोचली तरी रुग्णसंख्या हळूहळूच उतरेल. वेग वाढवायचा तर नवी साधनं लागतील, आणि आज ती नाहीत याचं कारण म्हणजे या जीवाणूबद्दलचे काही अगदी पायाचे प्रश्न सुटलेले नाहीत.

३. 'उच्चाटन' म्हणजे एकही रुग्ण उरणार नाही असं का?

नाही, आणि यावरून बराच गोंधळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण, हे उच्चाटन. २०३५ साठीचं उद्दिष्ट त्याच्या अलीकडचं आहे: २०१५ च्या तुलनेत रुग्णांचं प्रमाण ९० टक्क्यांनी आणि मृत्यू ९५ टक्क्यांनी कमी करणं.

देवीसारखा समूळ नायनाट इथे जवळपास दिसत नाही. देवीचा विषाणू माणसाबाहेर कुठे राहत नव्हता, अंगात वर्षानुवर्षं लपतही नव्हता, आणि त्याच्यावर उत्तम लस होती. क्षयाचा जीवाणू जगातल्या साधारण एकचतुर्थांश लोकांच्या शरीरात कधी ना कधी शिरलेला आहे.

४. लहानपणी बीसीजी घेतली होती, तरी क्षय कसा झाला?

बीसीजी बाळांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून चांगलं वाचवते, म्हणून ती दिलीच पाहिजे. प्रौढांच्या फुफ्फुसांच्या क्षयाबाबत मात्र तिचा परिणाम जागोजागी बदलतो. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांच्या चाचणीत तिने तीनचतुर्थांशांहून अधिक संरक्षण दिलं. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू भागात १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीत प्रौढांना संरक्षण मिळालंच नाही.

एकच लस, आणि असा फरक. माती-पाण्यातल्या निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियांशी (क्षयाच्या जीवाणूच्या नातलगांशी) आधीच आलेला संबंध हे एक कारण मानलं जातं, पण पूर्ण उलगडा झालेला नाही. मुळात क्षयापासून वाचवणारी प्रतिकारशक्ती म्हणजे रक्तात नेमकं काय दिसायला हवं, हे ठरलेलं नाही. गोवराची लस लागू पडली का ते प्रतिपिंड मोजून सांगता येतं. क्षयासाठी असं मोजमाप नसल्याने प्रत्येक नवी लस हजारो लोकांना देऊन वर्षानुवर्षं थांबावं लागतं. क्षयाविषयीच्या संशोधनातला सगळ्यात महत्त्वाचा न सुटलेला प्रश्न कोणता असं विचारलं, तर आमचं बोट इथेच जाईल.

बीसीजीची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. काल्मेट आणि गेरँ यांनी फ्रान्समधल्या लिल इथे गायींमधला क्षयाचा जीवाणू १९०८ पासून तेरा वर्षं पुन्हापुन्हा नव्या माध्यमावर वाढवला. २३० वेळा असं केल्यावर तो निरुपद्रवी झाला. का झाला, ते त्यांना माहीत नव्हतं. उत्तर १९९० च्या दशकात मिळालं: त्याच्या जनुकसंचातला एक तुकडाच गळून गेला होता. त्या तुकड्यात ईसॅट-६ आणि सीएफपी-१० या प्रथिनांची जनुकं होती. ती क्षयाच्या जीवाणूत असतात, बीसीजीत नसतात. बीसीजी घेतलेल्यांची मँटू ही त्वचेवरची चाचणीही पॉझिटिव्ह येऊ शकते, हा जुना घोळ याच दोन प्रथिनांवर बेतलेल्या 'इग्रा' या रक्तचाचणीने सोडवला. एक जुनी लस निरुपद्रवी का झाली, या निव्वळ कुतूहलातून निदानाची चाचणी हाती आली.

५. इतर जंतूंवर आठवडाभराचं औषध पुरतं. इथे सहा महिने का?

हा जीवाणू अतिशय संथ आहे. ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, क्षयाच्या जीवाणूला साधारण वीस तास लागतात. बहुतेक प्रतिजैविकं वाढत्या जीवाणूवर घाव घालतात, भिंत बांधताना किंवा प्रथिनं तयार करताना. जो वाढतच नाही त्याला त्यांचा धाक नसतो. बरेचसे जीवाणू पहिल्या काही आठवड्यांतच मरतात, रुग्णाला बरं वाटू लागतं. पण थोडे सुस्तावलेले मागे राहतात. औषध मध्येच सोडलं की आजार उलटतो तो यांच्यामुळे.

त्यात भर जागेची. शरीर जीवाणूंभोवती पेशींचा वेढा घालतं, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. त्याच्या मधल्या मृत भागात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे काही औषधं तिथे फार कमी पोहोचतात. पायराझिनामाइड हे औषध नेहमीच्या परीक्षानळीत निष्प्रभ दिसत होतं आणि उंदरांत मात्र लागू पडलं. ते आम्लयुक्त वातावरणातच काम करतं, हे नंतर कळलं. त्याच्या जोडीने उपचार नऊ महिन्यांवरून सहावर आला. फक्त नळीतल्या निकालावर विसंबले असते तर ते केव्हाच बाद झालं असतं.

६. औषध कसं काम करतं हे कळलं नाही तरी रुग्ण बरा होतोच. मग यंत्रणा शोधत बसण्यात काय अर्थ?

आयसोनियाझिड याचं चांगलं उदाहरण आहे. ते १९५२ पासून वापरात आहे आणि त्याने असंख्य जीव वाचवले. ते नेमकं काय करतं, हे चाळीस वर्षं अंधारात होतं. १९९२ मध्ये समजलं की औषध जसं गिळलं जातं तसं निष्क्रिय असतं. जीवाणूचंच एक विकर (एन्झाइम) त्याला जागं करतं, आणि हे विकर कॅट-जी या जनुकापासून बनतं. जागं झालेलं औषध भिंतीतली मायकोलिक आम्लं तयार होऊ देत नाही.

म्हणजे कॅट-जी बिघडलं की औषध जागंच होत नाही. हे कळल्यामुळे आज जनुक वाचून आयसोनियाझिड लागू पडेल की नाही ते दिवसांत सांगता येतं. त्याआधी जीवाणू वाढण्याची वाट बघत आठवडे जायचे, आणि तोवर रुग्ण निरुपयोगी औषध घेत राहायचा. यंत्रणा माहीत नसताना बरे झाले ते नशीबवान होते. जे बरे झाले नाहीत, त्यांना कारणही सांगता येत नव्हतं.

७. दोन तासांत निकाल देणारी मशीनची तपासणी कुठून आली?

या प्रश्नाचं उत्तर आम्ही मुद्दाम लांबवतो, कारण मूलभूत संशोधनाची वाट कशी जाते ते इथे सगळ्यात स्वच्छ दिसतं.

१९६० च्या दशकात काही शास्त्रज्ञ जीवाणूंमध्ये डीएनएपासून आरएनए कसा तयार होतो हे तपासत होते. क्षयावरच्या रिफाम्पिसिन या औषधाच्या घराण्यातली औषधं हे काम करणाऱ्या विकरालाच अडवतात, असं त्यात दिसलं. त्याच दशकात थॉमस ब्रॉक अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतले जीवाणू गोळा करत होते. इतक्या उष्णतेत जगतं तरी कोण, एवढंच त्यांना बघायचं होतं. त्यातल्या एका जीवाणूचं उष्णता सोसणारं विकर पुढे पीसीआर या डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तंत्राचा कणा झालं. १९९३ मध्ये दिसून आलं की क्षयाचा जीवाणू रिफाम्पिसिनला दाद देत नाही तेव्हा बदल जवळजवळ नेहमी आरपीओ-बी जनुकाच्या ८१ अक्षरांच्या एका छोट्या पट्ट्यात असतो. १९९६ मध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी ठरावीक डीएनए सापडला की उजळणारे रेणू तयार केले.

हे सगळं एकत्र आलं ते जीनएक्स्पर्टमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये त्याची शिफारस केली. बेडक्याचा नमुना घातला की दोन तासांत जीवाणू आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, दोन्ही कळतं. गरम झऱ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाला त्या वेळी कुणी विचारलं असतं की याचा क्षयरोगाशी काय संबंध, तर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणूनच 'उपयोग आधी दाखवा, मग पैसे' ही अट धोक्याची वाटते.

या तपासणीत 'रेझिस्टन्स नाही' आलं, तरी औषध लागू पडत नाही असं होऊ शकतं का?

क्वचित, हो. तपासणी फक्त तो ८१ अक्षरांचा पट्टा बघते. एस्वातिनी देशात औषधरोधक जीवाणूंपैकी सुमारे ३० टक्क्यांमध्ये बदल पट्ट्याच्या बाहेर आढळला, त्यामुळे ते मशीनमधून सहीसलामत निसटत होते. उपचार चालू असूनही सुधारणा दिसत नसेल तर डॉक्टर कल्चर (जीवाणू वाढवून बघणं) किंवा संपूर्ण जनुकसंचाची तपासणी सांगतात, ती यासाठी. जीवाणूचा पूर्ण जनुकसंच (सुमारे ४४ लाख अक्षरं) स्टुअर्ट कोल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वाचला. कुठला बदल कुठल्या औषधाला निकामी करतो, याची सूची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली.

८. अर्धवट औषध घेतल्याने जंतू 'शिकतो' आणि एमडीआर (मुख्य औषधांना दाद न देणारा) होतो, हे खरं का?

जीवाणू शिकत नाही. विभागताना त्याच्या जनुकांत आपोआप चुका होतात. फुफ्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जीवाणू असू शकतात, त्यांत एखाद्या औषधाला न जुमानणारे काही आधीच असतात. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात आणि हेच वाढतात. स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४०च्या दशकातल्या चाचणीत नेमकं हे घडलं: रुग्ण आधी सुधारले आणि मग अनेकांची प्रकृती पुन्हा ढासळली. एकाच जीवाणूत दोन-तीन औषधांविरुद्धचे बदल योगायोगाने एकत्र येणं फार दुर्मीळ, म्हणून औषधं एकत्र देतात.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आज एमडीआर झालेल्या कित्येकांनी औषध कधीच चुकवलेलं नसतं. त्यांना संसर्गच औषधरोधक जीवाणूचा झालेला असतो. त्यांना दोष देऊ नका.

९. तपासणीत 'संसर्ग आहे' असं आलं. मला क्षय होणार का?

बहुधा नाही. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी आजार होतो, त्यातही बहुतेकांना पहिल्या दोनेक वर्षांत. एचआयव्ही, कुपोषण, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील तर धोका वाढतो. अशांना प्रतिबंधक उपचार देतात.

त्या दहातला एक कोण, हे आधी सांगता आलं तर उच्चाटनाचं चित्रच पालटेल. दक्षिण आफ्रिकेतल्या किशोरांच्या रक्तात १६ जनुकांची एक खूण सापडली, ती आजाराच्या वर्षभर आधीपासून धोका दाखवत होती. नंतर या खुणेची ११ जनुकांची छोटी आवृत्ती वापरून लोक निवडले आणि त्यांना प्रतिबंधक औषध दिलं, तेव्हा आजार कमी झाला नाही. खूण धोका ओळखते, पण त्या टप्प्यावर तीन महिन्यांचं प्रतिबंधक औषध पुरत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. निराश करणारा निकाल होता. पण संसर्ग आणि आजार यांच्या मधल्या पायऱ्या आपल्याला वाटत होत्या तेवढ्या सरळ नाहीत, हे त्याने दाखवलं.

१०. प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितका क्षय दूर, बरोबर ना?

अर्धंच बरोबर. सांधेदुखीवर टीएनएफ हा रेणू अडवणारी औषधं आली, आणि २००१ मध्ये लक्षात आलं की ती घेणाऱ्या काही रुग्णांत लपलेला क्षय उसळतो. म्हणजे टीएनएफ वेढा टिकवून ठेवतो. पण कर्करोगावरच्या पीडी-१ अडवणाऱ्या औषधांनी प्रतिकारशक्तीचा लगाम सैल केला, तेव्हाही काहींना क्षय झाला. कमी झालं तरी घात, जास्त झालं तरी घात.

ललिता रामकृष्णन यांनी झेब्रा माशाच्या पारदर्शक पिल्लांत, क्षयाच्या जीवाणूच्या जवळच्या नातलगाचा संसर्ग करून, हा वेढा प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. ज्याला आपण शरीराचा तट समजत होतो, तिथेच नव्या पेशी येऊन जीवाणूला राहायला जागा देत होत्या. त्यामुळे 'इम्युनिटी वाढवणारं' म्हणून विकलं जाणारं काहीही क्षयावर उपाय समजू नका.

११. बेडाक्विलीन या नव्या औषधाबद्दल खूप ऐकतो. ते मूलभूत संशोधनातून आलं की नशिबाने?

दोन्हींतून. बेल्जियममध्ये कोएन आंद्रीस यांच्या गटाने हजारो रसायनं क्षयाच्या जीवाणूच्या एका वेगाने वाढणाऱ्या, निरुपद्रवी नातलगावर तपासली. एक लागू पडलं, पण का ते माहीत नव्हतं. मग त्याला दाद न देणारे जीवाणू निवडून त्यांचे जनुकसंच वाचले. बदल एटीपी म्हणजे पेशीची ऊर्जा तयार करणाऱ्या विकरात निघाला. तोवर क्षयाच्या कुठल्याही औषधाने या जागेवर नेम धरला नव्हता. सुस्तावलेल्या जीवाणूलाही जगायला थोडी ऊर्जा लागतेच, त्यामुळे प्रश्न ५ मध्ये सांगितलेल्या मागे राहणाऱ्यांवरही ते चालतं. २००५ मध्ये शोध जाहीर झाला, २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली.

पूर्वी एमडीआरचे उपचार दीड ते दोन वर्षं चालत. इंजेक्शनांमुळे अनेकांची श्रवणशक्ती कायमची जाई. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेडाक्विलीन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असा सहा महिन्यांचा, पूर्णपणे गोळ्यांचा उपचार सुचवला. बेडाक्विलीनला न जुमानणारे जीवाणूही आता दिसू लागले आहेत, म्हणून पुढच्या औषधाचा शोध आजच चालू असावा लागतो.

१२. उंदरांत यशस्वी झालेलं माणसांत फसतं. मग प्राण्यांवरच्या प्रयोगांचा उपयोग काय?

फसतं, हे खरं आहे. एमव्हीए८५ए या लसीने प्राण्यांत आशा दाखवली, पण २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बाळांत तिने बीसीजीपेक्षा जास्त संरक्षण दिलं नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिनसह चार महिन्यांचा उपचार उंदरांवरून आशादायक वाटत होता. २०१४ मध्ये माणसांत तो सहा महिन्यांच्या बरोबरीचा ठरला नाही. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरात माणसासारखा मधे सडलेला ग्रॅन्युलोमा तयारच होत नाही, हे त्यामागचं एक कारण.

पण अपयशाचं कारण शोधणं हेही मूलभूत संशोधनच आहे. तशा गाठी होणारी उंदरांची जात आता वापरली जाते. २०२१ मध्ये रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन असलेला चार महिन्यांचा दुसरा उपचार माणसांत सहा महिन्यांच्या तोडीचा ठरला.

१३. नवी लस कधी येणार?

तारीख सांगणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. सर्वांत पुढे आहे एम७२/एएस०१ई. आधीच संसर्ग असलेल्या प्रौढांत तिने तीन वर्षांत सुमारे ५० टक्के संरक्षण दिलं. मोठी चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली असून तीत वीस हजारांपर्यंत लोक घेण्याचं ठरलं. एवढा काळ का लागतो, ते प्रश्न ४ मध्ये आहे. २०२० मध्ये माकडांना बीसीजी शिरेतून दिली तेव्हा दहापैकी नऊ माकडं वाचली. माणसांना अशी लस टोचण्याचा सल्ला कुणी देत नाही. पण वाचलेल्या माकडांच्या रक्तात आणि फुफ्फुसांत काय वेगळं होतं, हे आता तपासता येतं.

१४. युरोपात औषधं येण्याआधीच क्षय कमी झाला होता. मग पैसा अन्न आणि घरांवर का खर्च करू नये?

करावा. झारखंडमध्ये अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव यांच्या गटाने रुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला. २०२३ मध्ये निकाल आला: घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. नुसत्या शिध्यासाठी हा आकडा मोठा आहे.

पण पोषण विरुद्ध प्रयोगशाळा अशी निवड करण्याची वेळच येऊ नये. हवा खेळती ठेवा हा सल्लाही संशोधनातून आला. बाल्टिमोरमध्ये १९५० च्या दशकात विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी क्षयाच्या वॉर्डमधली हवा गिनीपिगच्या पिंजऱ्यांकडे वळवली. तीच हवा श्वासात घेऊन गिनीपिगना संसर्ग झाला. ज्यांच्याकडे येणाऱ्या हवेवर अतिनील किरण सोडले होते, ते बचावले. क्षय हवेतून पसरतो हे त्याने सिद्ध झालं. आणि कुपोषणाने प्रतिकारशक्तीतला नेमका कोणता दुवा तुटतो, हा प्रश्न अजून खुला आहे.

१५. या संशोधनावर जग किती खर्च करतं?

२०२२ मध्ये सुमारे १ अब्ज डॉलर, त्यात औषधं, लसी, चाचण्या सगळं आलं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२३ च्या बैठकीत ठरलेलं लक्ष्य २०२७ पर्यंत वर्षाला ५ अब्ज डॉलरचं आहे. कामही सावकाश चालतं: सुरक्षित, हवाबंद प्रयोगशाळा लागते आणि एका ताटलीवर वसाहत दिसायला तीन ते सहा आठवडे जातात. अनुदान दोन-तीन वर्षांचं आणि जीवाणू असा, यात कित्येक चांगले प्रश्न अर्धवट राहतात.

१६. लवकरच छोटा उपचार येतोय असं वाचलं. चालू औषध थांबवून वाट बघू का?

अजिबात नाही. आज हातात असलेला उपचार पूर्ण केला तर औषधांना दाद देणारा क्षय बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. थांबलात तर आजार उलटेल आणि घरच्यांनाही धोका होईल. तुमच्यासाठी छोटा उपचार योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

१७. मी शास्त्रज्ञ नाही. या संशोधनात माझी काही मदत होईल का?

हो. उपचार घेताना कुणी अभ्यासासाठी बेडका किंवा रक्ताचा नमुना मागितला तर हेतू समजून घ्या, लेखी संमतीपत्र वाचा, आणि पटलं तर द्या. नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडता कामा नये, तो तुमचा हक्क आहे. प्रश्न ९ मधली १६ जनुकांची खूण हजारो निरोगी किशोरांनी वर्षानुवर्षं रक्त दिल्यामुळेच सापडली. घरात रुग्ण असेल तर लक्षणं नसतानाही स्वतःची तपासणी करून घ्या: अनेक देशांतल्या पाहण्यांत, जीवाणू सापडलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांनी कुठलंही लक्षण सांगितलं नव्हतं. असे लोक संसर्ग किती पसरवतात, यावर आत्ता काम चालू आहे, आणि त्यासाठी तपासणीला येणारी निरोगी वाटणारी माणसंच लागतात.